शालेय परिचारिका : तिचे कार्य आणि त्या शिक्षणासाठी करावयाचा अर्ज

१. प्रास्ताविक

हजेरीपटात एखाद्या मुलाच्या नावापुढे सलग आठ दिवस गैरहजेरी लागली, म्हणजे शिक्षक त्याच्या घरी निरोप धाडतात. ‘खरूज झाली आहे’, ‘डोळे आले आहेत’, ‘कान फुटला आहे’ असे काहीतरी उत्तर येते. मूल कालांतराने बरे होते. परंतु बुडालेला अभ्यास भरून निघतोच असे नाही, आणि काही मुलांच्या बाबतीत अशी गैरहजेरी हीच शाळा कायमची सुटण्याची सुरुवात ठरते. आजार लहान असतो, हानी मात्र मोठी होते.

ही हानी टाळावी म्हणून इंग्लंड, अमेरिका इत्यादी देशांत शालेय परिचारिकेचा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला. त्याची माहिती ग्रामीण शिक्षकांना दोन दृष्टींनी उपयुक्त आहे. एक तर, परिचारिका नसलेल्या शाळेत तिच्या कामाचा काही भाग शिक्षकांनाच उचलावा लागतो. दुसरे असे की, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थिनी पुष्कळदा प्रथम आपल्या जुन्या गुरुजींचा अथवा बाईंचा सल्ला घेतात. त्या वेळी चुकीची माहिती मिळाल्यास मुलीची वर्षे वाया जातात.

२. व्यवसायाचा उगम

सन १८९२ मध्ये लंडन येथे अ‍ॅमी ह्यूज या परिचारिकेने ड्रुरी लेन भागातील एका गरीब वस्तीच्या शाळेत जाऊन मुलांची लहानसहान दुखणी पाहण्यास आरंभ केला. पुढे १८९८ मध्ये लंडनमध्ये शालेय परिचारिकांची एक संस्था स्थापन झाली.

न्यूयॉर्क येथील हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथे १८९७ पासून डॉक्टर शाळांची तपासणी करीत. खुपऱ्या, गजकर्ण, खरूज, उवा असे काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. चिठ्ठीतील भाषा आईबापांना उमगत नसे आणि उपचारास पैसा नसे. मूल रस्त्यावर त्याच सोबत्यांशी खेळत राही. अशा रीतीने संसर्ग थांबत नसे; शिक्षण तेवढे थांबे.

हेन्री स्ट्रीट येथील परिचारिकांच्या सेवाकेंद्राच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांच्या ध्यानात ही विसंगती आली. त्यांनी आपल्या केंद्रातील लिना रॉजर्स या परिचारिकेला एक महिन्याच्या प्रयोगासाठी देऊ केले. ऑक्टोबर १९०२ मध्ये रॉजर्स यांच्याकडे चार शाळा सोपविण्यात आल्या. त्या शाळेतच जखमा धूत, मलम लावीत आणि ज्या मुलांना घरी पाठविणे अपरिहार्य असे, त्यांच्या घरी स्वतः जाऊन आईला उपचार करून दाखवीत. प्रयोग यशस्वी ठरला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली.

यात औषध नवे नव्हते, रोगही नवे नव्हते. चिठ्ठीच्या जागी शाळेतून घरापर्यंत जाणारे माणूस आले, एवढाच फरक होता. मुलाला शाळेबाहेर काढणे हे परिचारिकेचे कार्य नसून त्याला शाळेत राखणे हे तिचे कार्य होय, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

३. आजचे कार्य

संसर्गजन्य रोगांचे प्राबल्य कमी झाल्यावर या कार्याचे स्वरूप बदलले. १९७५ मध्ये अमेरिकेत अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि पूर्वी घरी राहणारी अनेक मुले शाळेत येऊ लागली. मधुमेही मुलाला इन्शुलिन देणे, दम्याच्या मुलाजवळ श्वासावाटे घेण्याचे औषध असल्याची खात्री करणे, अपस्माराचा झटका आल्यास योग्य उपाय करणे, एखाद्या खाद्यपदार्थाने जीवघेणी प्रतिक्रिया झाल्यास तत्काळ इंजेक्शन देणे, दृष्टी व श्रवण तपासणे, लसीकरणाच्या नोंदी ठेवणे आणि प्रत्येक दीर्घ आजारी मुलासाठी लेखी आरोग्ययोजना तयार करणे, ही तिची नित्याची कामे आहेत. प्रत्येक शाळेत किमान एक परिचारिका असावी, अशी शिफारस तेथील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये केली आहे.

शाळेत तिच्या शेजारी डॉक्टर नसतो. रुग्णालयात शंका आली तर विचारण्यास दुसरे कोणी असते; शाळेत तिला एकटीला निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच तिच्या शिक्षणाची पातळी उच्च ठेवण्यात आली आहे.

४. अमेरिकेतील शिक्षणाचा मार्ग

शालेय परिचारिका होण्यासाठी प्रथम नोंदणीकृत परिचारिका व्हावे लागते. त्याकरिता मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राष्ट्रीय परवाना परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. ज्यांनी अन्य विषयात पदवी घेतली आहे, अशांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला, परिचर्येची दुसरी पदवी अल्प मुदतीत घेण्याचा. त्यास साधारणतः एक ते दीड वर्ष लागते. दुसरा, थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेण्याचा; त्यास बहुधा दोन ते तीन वर्षे लागतात.

येथे उमेदवाराने एक प्रश्न स्वतःस विचारावा : पदव्युत्तर शिक्षण खरोखर आवश्यक आहे काय? शालेय परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने परिचर्येतील पदवी ही किमान पात्रता मानली आहे. पदव्युत्तर शिक्षणाने पुढे अध्यापन, नेतृत्व व विशेष जबाबदारीची दारे उघडतात. परंतु त्याचा खर्चही मोठा असतो. केवळ मोठ्या पदवीच्या आकर्षणाने हा मार्ग धरू नये.

शाळेत नेमणूक होण्याच्या अटी प्रत्येक राज्यात निराळ्या आहेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्निया राज्यात परिचारिकेचा परवाना व पदवी असल्यास शालेय सेवेचे प्राथमिक प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी मिळते. त्या मुदतीत शालेय परिचर्येचा मान्य अभ्यासक्रम व दोन वर्षांचा अनुभव पूर्ण करावा लागतो. म्हणून ज्या राज्यात काम करावयाचे, त्या राज्याचे नियम प्रथम वाचावेत आणि मगच विद्यापीठ निवडावे.

५. अर्जाची तयारी

(अ) पूर्वाभ्यास. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, विकासाचे मानसशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी मागितले जातात. त्यांपैकी काहींना प्रयोगशाळेतील काम आवश्यक असते. वाणिज्य वा साहित्य विषयाच्या पदवीधरास हे विषय पूर्ण करण्यास एक वर्ष वा अधिक काळ लागू शकतो. काही विद्यापीठे फार जुने गुण ग्राह्य धरीत नाहीत, हेही पाहून घ्यावे.

(आ) गुणपत्रके. भारतातील पदवी असल्यास तिचे विषयवार मूल्यांकन मान्य संस्थेकडून करून घ्यावे लागते व इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही सामान्यतः द्यावे लागतात. विवाहानंतर वा कुटुंबाच्या नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी पदवीधर स्त्रियांनी ही कागदपत्रे मिळविण्यास आरंभीच सुरुवात करावी. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रके मागविण्यात बराच कालावधी जातो.

(इ) अनुभव. रुग्णालय, वृद्धाश्रम, लसीकरण केंद्र वा शाळा येथील सेवेचा अनुभव अर्जास बळ देतो. परिचर्या म्हणजे मलमूत्र, वेदना व मृत्यू यांच्याशी नित्य संबंध. त्याची ओळख प्रवेशापूर्वी झालेली बरी.

(ई) निवेदन. आपण हा व्यवसाय का निवडला, हे एक-दोन पानांत लिहावयाचे असते. ‘मला लहान मुले फार आवडतात’ हे वाक्य असंख्य अर्जांत येते व त्याने काहीच सिद्ध होत नाही. याउलट, ‘मी शिकवीत असलेल्या वर्गातील एक मुलगी फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेई, तिची दृष्टी तपासून घेतल्यावर दोष चष्म्याचा निघाला, बुद्धीचा नव्हे’ असे लिहिणारी व्यक्ती आपणास या कामाचे मर्म समजले आहे हे दाखविते. अर्थात् घटना खरी असली पाहिजे, आणि मुलाची ओळख पटेल असा तपशील निवेदनात नसावा.

(उ) शिफारसपत्रे. बहुधा दोन वा तीन मागविली जातात. ती प्राध्यापकांकडून व कामावरील वरिष्ठांकडून घ्यावीत. ‘सुशील, आज्ञाधारक व कष्टाळू’ ही विशेषणे पुरेशी नाहीत. उमेदवाराने कोणते काम, किती काळ व कोणत्या अडचणीत केले, हे पत्रात यावे. गावातील शिक्षकांवर कोणत्याही अभ्यासक्रमासाठी असे पत्र लिहिण्याचा प्रसंग येतो. त्या वेळी हाच नियम पाळावा.

(ऊ) मान्यता. अभ्यासक्रमास परिचर्या-शिक्षणाची राष्ट्रीय मान्यता व राज्याची मंजुरी आहे की नाही, याची खात्री शुल्क भरण्यापूर्वी करावी. मंजुरी नसलेल्या संस्थेतून शिकलेल्यास परवाना परीक्षेची वाट बंद होऊ शकते.

६. आपल्याकडील वाट

भारतात हा क्रम वेगळा आहे, आणि सल्ला देताना येथेच चूक होते. अन्य विषयातील पदवीधरास परिचर्येच्या पदव्युत्तर वर्गात थेट प्रवेश आपल्याकडे मिळत नाही. त्यासाठी परिचर्येचीच पदवी, नोंदणी व एक वर्षाचा अनुभव लागतो. पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यास बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र यांची पदविका तीन वर्षांची, तर साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. या दोहोंना कला शाखेची मुलगीही अर्ज करू शकते. पदविकाधारक परिचारिकेस पुढे दोन वर्षांत पदवी पूर्ण करण्याची सोय आहे. शालेय आरोग्याकडे ओढा असणारीने पदव्युत्तर शिक्षणासाठी सामाजिक आरोग्य परिचर्या हा विषय निवडावा.

तात्पर्य, दहावीनंतर शाखा निवडतानाच मुलीला ही माहिती मिळाली पाहिजे. जीवशास्त्र सोडल्यावर मिळालेला उत्तम सल्लाही तिला चार वर्षांच्या पदवीच्या वर्गात थेट पोहोचवू शकत नाही.

७. शिक्षकांचे कर्तव्य

आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदे येथे झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात, आणि शाळांची तपासणी वर्षातून एकदा होते. २०२० पासून आयुष्मान भारत योजनेखाली शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम पाहावे, अशीही योजना आहे.

पथक एक दिवस येते. उरलेले दिवस मूल शिक्षकांच्या नजरेखाली असते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

(१) पथक येण्यापूर्वी, डोळे बारीक करून फळा पाहणारी, हाक मारल्यास न वळणारी, खेळताना लवकर दमणारी आणि वारंवार गैरहजर राहणारी मुले यांची यादी तयार ठेवावी. घाईच्या तपासणीत सुटणारा दोष या यादीने सापडतो.

(२) पथकाने पुढील उपचारास पाठविलेले मूल खरोखर रुग्णालयात पोहोचले काय, याची पंधरा दिवसांनी चौकशी करावी. न पोहोचल्यास कारण विचारावे. पुष्कळदा कारण अनास्था नसून बुडणारी मजुरी वा वाटखर्च असते. गावच्या आशाताईंना त्याची माहिती द्यावी.

(३) डोक्यात उवा आढळल्या म्हणून मुलाला तत्काळ घरी पाठवू नये. शाळा सुटल्यावर पालकांस एकांतात सांगावे. वर्गासमोर उल्लेख झाल्यास मूल उवांपेक्षा लज्जेमुळे शाळा टाळते.

(४) चिठ्ठी पाठविण्यापेक्षा स्वतः जावे. रॉजर्स यांच्या प्रयोगाचा हाच सारांश आहे.

परिचारिकेचे शिक्षण शिक्षकांजवळ नसते. औषधोपचार हे त्यांचे क्षेत्रही नव्हे, आणि त्यात त्यांनी पडू नये. परंतु कोणते मूल आज आले नाही, हे त्यांच्याइतके लवकर दुसऱ्या कोणासही कळत नाही. हजेरीपटातील गैरहजेरीची खूण दिसताच तिचे कारण शोधण्यास जे शिक्षक निघतात, ते परिचारिका नसलेल्या शाळेतही मुलाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवतात.

चर्चेसाठी प्रश्न

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारविनिमयासाठी)

१. आपल्या शाळेत गेल्या सत्रात आजारामुळे सर्वाधिक दिवस कोणत्या कारणाने बुडाले? हजेरीपटावरून वर्गवार कोष्टक तयार करावे.

२. गेल्या तपासणीत पुढील उपचारास पाठविलेल्यांपैकी किती मुलांवर प्रत्यक्ष उपचार झाले? न झालेल्यांची कारणे नोंदवावीत.

३. परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या दहावीच्या विद्यार्थिनीस कोणते विषय सुचवाल? कारणे द्यावीत.

४. एखाद्या विद्यार्थिनीसाठी दहा ओळींचे शिफारसपत्र लिहावे. मात्र त्यात एकही विशेषण न वापरता केवळ तिने केलेली कामे नमूद करावीत.