सावलीतली मका हिरवी

बांधावरच्या कडुलिंबाखाली पीक कधी धड येत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र आमच्या केडगावच्या रानात उलटंच झालं. मुरघासाची मका वीस दिवसांची झाली आणि उघड्यावरची ताटं पांढरी पडू लागली. सावलीतली तेवढी हिरवी.

मी म्हटलं, ऊन लागलं. पाण्याच्या पाळ्या वाढवल्या, वर एकरी गोणीभर युरिया फेकला. पांढरेपणा वाढतच गेला. मग भीमेपलीकडून, न्हावऱ्याहून दाजी आले. त्यांनी पोंग्याजवळचं पान वाकवलं. मधली शीर हिरवी, कडा हिरवी, मधोमध बुडापासून निघालेला पांढरा पट्टा.

"डीएपी किती?"

"एकरी दोन गोण्या. दरवर्षीसारखा."

"आणि जस्त?"

मी गप्प.

चुनखडीच्या रानात जस्त असूनही मुळांना मिळत नाही. स्फुरद जादा झालं की आणखी अडतं. पान उन्हातली शक्ती घेऊन साखर करतं. जी शक्ती खर्च होत नाही, ती ऑक्सिजनवर जाते आणि तोच ऑक्सिजन पेटून हरितद्रव्य जाळतो. त्याला आवरणाऱ्या एका विकराला जस्त आणि तांबं लागतं, पुढच्याला लोह. पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर साखर पानातच तुंबते आणि हीच आग लागते. मार्शनर आणि चाकमाक या शास्त्रज्ञांनी 1989 साली घेवड्यावर हे दाखवलं : जस्त, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी असलेली पानं कडक उजेडात जास्त पिवळी पडली, करपली. माझ्या कडुलिंबानं तेच सांगितलं होतं.

घाईनं मी भर दुपारी नुसतं झिंक सल्फेट फवारलं, पानं डागाळली. म्हणून सांगतो : 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट घ्या, 25 ग्रॅम चुन्याची निवळी मिसळा, गाळा, उन्हं उतरल्यावर फवारा. पेरणीआधी माती तपासा. जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या, डीएपीत कालवू नका. पान पांढरं दिसलं की युरियाच्या गोणीला हात घालण्याआधी बघा : नवं पान की जुनं, उन्हातलं की सावलीतलं?

आता कडुलिंबाखालची मका पुन्हा खुजी येते. बघून बरं वाटतं.