जुना दगडी वाडा : परिसर अभ्यासाचा एक पाठ

लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गावांत शेतकऱ्याचा जुना दगडी वाडा अद्याप उभा आहे. मुले त्यावरून रोज शाळेत येतात. पाठास याहून जवळचे साधन कोणते?

आपल्याकडील शेतकरी सहसा शेतात राहत नसे. जमीन काळीत आणि घर पांढरीत, अशी गावाची जुनी विभागणी होती. त्यामुळे माणसे, बैल, औते, कडबा व वर्षाचे धान्य यांची सोय गावठाणातील वाड्यातच करावी लागे. ढेलज, चौक, दावण, धान्याचे बळद ही सारी रचना शेतीच्या गरजेतून आली आहे. भिंती दोन-तीन फूट रुंद, कोठे त्याहूनही अधिक. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. अशा घरात वैशाखातही गारवा राहतो.

वाड्यावर बांधकामाचे साल क्वचितच कोरलेले असते. तरी भिंत पुष्कळ सांगते. वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर पुढचा भाग मागाहून जोडला आहे असे समजावे. चौकाच्या मध्यावर नवी भिंत असेल, तर बहुधा ती भावांच्या वाटणीची खूण होय. घरात जुने कागद निघाल्यास ते मोडीत किंवा उर्दूत असू शकतील. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, हे मुलांना येथेच सांगावे. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याचे काम मुलांवर सोपवावे. मोठ्यांना जे सांगितले जात नाही, ते आजी नातवंडांना सांगते.

आता कठीण भाग. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील पुष्कळजण अशाच दगडी घरांखाली सापडली. तेव्हापासून दगडाची धास्ती लोकांच्या मनात बसली. ती स्वाभाविक आहे. परंतु दोष केवळ दगडाचा नव्हता. भिंतीच्या आत व बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये खडी-मातीची भर, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड फारच थोडे, अशी पुष्कळ घरांची बांधणी होती. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले. त्यातच गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे पांढरी माती टाकून माळवदाचे ओझे वाढविले गेले होते.

हे ओझे गणिताच्या तासाला काढून पाहावे. खोली ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद, मातीचा थर ५० सेंटीमीटर. एकूण माती साडेसात घनमीटर. घनमीटरास सुमारे १६०० किलो धरल्यास १२,००० किलो, म्हणजे १२ टन. थर २० सेंटीमीटरवर आणल्यास ४,८०० किलो. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिले म्हणजे निराळे स्पष्टीकरण करावे लागत नाही. मात्र माती काढल्यावर गळती रोखण्याचा दुसरा उपाय त्याच हंगामात झाला पाहिजे. एरवी पावसाळ्यात तीच माती पुन्हा वर चढते.

वाडा राखायचा तर पहिला शत्रू पाणी. माळवदाच्या पन्हाळी मोकळ्या असाव्यात, जोत्यालगत सांडपाणी साचू नये, सांध्यातील पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. मातीच्या दर्जांवर सिमेंटचा गिलावा देण्याची हौस सर्वत्र दिसते. माझ्या मते वाड्यांचे याइतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीने होत नसावे. आतील ओल बाहेर पडत नाही, भर कुजते, आणि बाहेरून भिंत मात्र नवी दिसते! दर्जा मातीने किंवा चुन्यानेच भराव्यात.

भिंतीस पोट आले असेल, तर दोन थर सुटू लागले आहेत असे जाणावे. अशी भिंत मुलांना रस्त्याच्या पलीकडूनच दाखवावी. जवळ नेऊ नये. थर पुन्हा बांधता येतात. एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडतात, त्यात दोन्ही टोकांस वाकविलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरतात. असे बंध उंचीत दर ६० सेंटीमीटरवर व लांबीत १.२ मीटरच्या आत असावेत. दारांच्या माथ्याशी चारही भिंतींना कवळणारा सलग पट्टाही घालतात. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. शिक्षकाने घरमालकास एवढे सांगितले तरी पुरे की, पाडणे आणि तसेच सोडणे यांखेरीज तिसरी वाट आहे.

मुलांनी काढलेला नकाशा, खोल्यांची मापे, वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती व भिंतीच्या भेगांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. दरवर्षी पावसाळ्यानंतर चौथीच्या वर्गाने त्याच भेगा दुरूनच पुन्हा पाहून, घरमालकास विचारून, नवी तारीख घालावी आणि वहीची एक प्रत घरमालकास द्यावी.