अतिशीत कोठाराचा परीक्षक

माळव्यातील बटाट्याची शीतगृहे आपण सारेच जाणतो. शेतकरी पोती ठेवतो, पावती घेतो आणि काही महिन्यांनी आपला माल परत मागतो. त्याला दुसऱ्याची पोती देऊन चालत नाही. वैद्यकीय व जैविक प्रयोगशाळांतही हेच काम चालते. मात्र तेथे पोत्यांऐवजी बोटाच्या पेराएवढ्या नळ्या असतात, त्यांत रक्त किंवा जंतू असतात आणि थंडी असते उणे ८० अंश सेल्सिअसची.

नळ्या लाखांनी वाढल्या की हे काम माणसाच्या हातून निभत नाही. ब्रिटनमधील यूके बायोबँक या संस्थेने २००६ ते २०१० या काळात पाच लाख लोकांचे नमुने गोळा केले व ते स्वयंचलित कोठारात ठेवले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही २००९ साली सूक्ष्मजीवांच्या मोठ्या संग्रहाचे काम सुरू झाले. स्वयंचलित कोठारात बहुधा ९६ नळ्यांची तबके असतात आणि प्रत्येक नळीच्या तळाशी ठिपक्यांचा चौकोनी कोड असतो. यांत्रिक हात मागितलेली नळी तेवढी उचलतो. शेजारच्या नळ्या गरम होऊ द्यायच्या नाहीत, कारण नमुना वितळून पुन्हा गोठला की बिघडू लागतो.

असे यंत्र विश्वासास पात्र आहे की नाही, हे ठरविणारा तो चाचणी अभियंता. खरे नमुने येण्यापूर्वी तो पाणी भरलेल्या नळ्या घालून यंत्राला मुद्दाम अडचणीत टाकतो. नळी तिरकी ठेवतो. एकच कोड दोन नळ्यांना देतो. कोडावर हिम साचू देतो. हातात नळी असतानाच वीज तोडतो आणि वीज परत आल्यावर ती नळी कोठे आहे हे यंत्राला सांगता येते का, ते पाहतो. शेवटी संगणकातील नोंद आणि तबकातील प्रत्यक्ष नळ्या एकेक करून ताडतो. अशी परीक्षा कारखान्यात एकदा होते आणि यंत्र जागेवर बसविल्यावर पुन्हा होते. इंदूरसारख्या गावी वैशाखातील ऊन व श्रावणातील दमट हवा या दोहोंचा विचार करावा लागतो. दमट हवा आत शिरली की तिचे हिम होते.

एवढा खटाटोप कशासाठी? बंद पडलेले यंत्र लगेच कळते. चुकीची नळी देणारे यंत्र मात्र निमूटपणे चालत राहते. तिच्यावरील तपासणीचे उत्तरही बरोबरच दिसते, फक्त ते दुसऱ्याच माणसाचे असते! २०२० सालच्या साथीत अहवालाची वाट पाहिलेल्या इंदूरकरांना यातील गांभीर्य वेगळे सांगावयास नको. शिवाय दहा वर्षांपूर्वी घेतलेला नमुना पुन्हा मिळत नाही. तो माणूस आज तसा राहिलेला नसतो.

आपल्या मुलामुलींनी या व्यवसायाचा अवश्य विचार करावा. यंत्रशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, मापनयंत्रे व संगणक यांपैकी कोणतीही वाट येथे येऊन मिळते. आणि १९५२ साली स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया संस्था तर मल्हारगंजाहून फार लांबही नाही. परंतु पदवीइतकाच स्वभावही लागतो. “चालते आहे ना” एवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही, आणि दोष सापडला तर माल पाठविण्याची तारीख तोंडावर असतानाही जो तो लेखी नोंदवितो, तोच या कामाला योग्य. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे. विश्वस्त संस्थेच्या सभासदांना तो नवा वाटू नये.