अभ्या, गाडीला चेन नाही, बेल्ट आहे

कोल्हापूर,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

चि. अभिजित यास,

फोनवर तू "हो मामा, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

काल रात्री आक्काचा फोन आला. तिने एका दमात सगळं सांगितलं. तू जुनी डस्टर घेतलीस, 2014 ची, डिझेल. भाऊबीज झाली की तू, मृणाल आणि ओवी मालवणला निघणार, फोंडा घाटाने. आणि वर कौतुकाने म्हणते कशी, "एजंट म्हणाला, चेनची गाडी आहे, इंजिनला हात लावायचं कामच नाही." तिला काय कळतंय? तिला वाटलं मामा खूश होईल. मी तिला काही बोललो नाही, पण रात्रभर माझ्या डोक्यातून ते जाईना.

अरे खुळ्या, डस्टर डिझेलला चेन नसते. बेल्ट असतो. एजंटने स्विफ्टचं ऐकलेलं तुझ्या गळ्यात मारलं. स्विफ्ट डिझेलचं 1.3 लिटरचं इंजिन फियाटचं, त्याला चेन, हे खरं. तुझं इंजिन रेनॉचं. 1461 सीसी, आठ व्हॉल्व्ह, एक कॅम, आणि तो कॅम फिरवायला दात्यांचा रबरी पट्टा. हेच इंजिन आपल्याकडे 2007 ला लोगनमधून आलं, मग व्हेरिटो, सनी, 2012 ला डस्टर, आणि त्यानंतर टेरानो. टॅक्सीवाल्यांच्या लोगन आणि व्हेरिटो माझ्या शेडमध्ये रांगेने उभ्या असायच्या. इंजिन नंबरी आहे, मायलेज देतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू गाडी वाईट घेतलीस असं मी म्हणतच नाही. पण उद्यमनगरात ज्याचा मामा जन्मभर मिस्त्रीकाम करत आला, त्या पोराने गाडी घेताना एक फोन करू नये? दहा मिनिटांत तुला सांगितलं असतं.

आणि मीटरवर म्हणे 62 हजार. 2014 ची गाडी, तीही डिझेल. त्या काळात डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त पैसे मोजून गाडी घेणारा माणूस ती दारात उभी करायला घेत नव्हता. क्लचच्या पेडलचं रबर बघ, स्टीअरिंगवरचा हात ठेवायचा भाग बघ, ड्रायव्हरच्या सीटची कड बघ. मीटर मागे फिरवता येतं, रबर मागे फिरवता येत नाही. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून जुन्या सर्व्हिसची नोंद काढ. त्यात टायमिंग बेल्ट बदलल्याची ओळ सापडली तर मला लगेच कळव, मी हा कागद मागे घेतो. ओळ नसेल तर बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चालायचं. मीटर खरं निघालं तरी सुटका नाही. कंपनीच्या वहीत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते. रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

तू म्हणशील, मामा उगाच घाबरवतोय, गाडी तर मस्त चाललीय. तेच तर. ती शेवटच्या मिनिटापर्यंत मस्तच चालणार.

हे तुला नीट सांगतो, कारण तुमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात भाऊजींचा ट्रॅक्टर बसलाय. भाऊजींचं एकच वाक्य होतं, "आवाज आला की बघू." शिरोळच्या रानात ते वाक्य त्यांना आयुष्यभर पुरलं, कारण ट्रॅक्टरला टायमिंगचे गिअर असतात, लोखंडी, तेलात बुडालेले. झिजले तर महिनोन् महिने कुरकुरतात, माणसाला वेळ देतात. चेनही सैल झाली की सकाळी चालू करताना खळखळते. बेल्टचं तसं नाही. आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या, वर रबर, दात्यांवर कापडाचा थर. तो कुरकुरत नाही, ओढ कमी करत नाही, धूर काढत नाही. काल होता आणि आज नाही. भाऊजींवर मी टीका करत नाहीये, त्यांच्याइतकी यंत्राची माया कमी लोकांना असते. पण त्यांचं वाक्य या गाडीला लावू नको.

आता तुटल्यावर काय होतं ते ऐक. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायचा, हा हिशेब तो पट्टा सांभाळतो. डिझेलचा हाय प्रेशर पंप त्याच्यावर, वॉटर पंपसुद्धा त्याच्यावर. हायवेला 2,000 आरपीएमवर तू गाणी ऐकत चाललेला असतोस तेव्हा क्रँक सेकंदाला 33 फेरे मारत असतो आणि एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 16-17 वेळा उघडून मिटत असतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून पिस्टन वर आला की हेडपाशी जागा म्हणून उरत नाही. पट्टा गेला की कॅम आहे तिथे थांबतो, जे व्हॉल्व्ह उघडे ते उघडेच राहतात, आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाइड फुटतो, कधी पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडतो. मग हेड खाली, लेथवाल्याकडे चकरा, आणि बेल्टच्या किटला लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे.

पैशाचं जाऊ दे. पैसे काय, आज आहेत. मला घाट दिसतो. इंजिन मेलं की स्टीअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप कॅमच्याच टोकाला असतो, कॅम थांबला की तोही थांबला. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक नीट लागतात, त्यानंतर पेडलवर उभं राहावं लागतं. फोंड्याच्या उतारावर, पुढे उसाची ट्रॉली, मागच्या सीटवर ओवी. आक्काला हे मी सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नको.

आक्काने आणखी एक गोष्ट सहज म्हणून सांगितली. तू मोबाइलवर व्हिडिओ बघून ब्रेकपॅड घरीच बदललेस, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शाब्बास, खरंच. भाऊजींचा हात तुझ्यात उतरलाय. पण मी तुला ओळखतो, बेल्टचं कळल्यावर तू तोही व्हिडिओ शोधशील. त्यात एक दाढीवाला पोरगा जुन्या पट्ट्यावर आणि पुलीवर व्हाइटनरचे ठिपके मारतो, ठिपके मोजून नव्या पट्ट्यावर उतरवतो आणि झालं म्हणतो. तसलं काम करायचं नाही. जुना पट्टा आधीच एक दाता सरकलेला असेल तर तू व्हाइटनरने ती चूकच मोठ्या निगुतीने नव्या पट्ट्यावर उतरवणार.

या इंजिनला पिना लागतात. पहिला पिस्टन टीडीसीला आणायचा, ब्लॉकमधला प्लग काढून क्रँकची पिन आत पिळायची आणि क्रँक हलक्या हाताने पिनेला टेकवायचा. दुसरी पिन कॅमच्या पुलीच्या भोकातून हेडमध्ये जाते. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली तर टायमिंग बरोबर. ठोकावी लागली तर कुठेतरी चुकलंय. पिन जागा दाखवायला असते, जोर झेलायला नाही. पिनेच्या भरवशावर क्रँक पुलीचा बोल्ट सोडवणारे महाभाग मी पाहिलेत, पिनही मोडते आणि ब्लॉकही जायबंदी होतो. त्या बाजूचं फाउंडेशन काढावं लागतं, म्हणजे इंजिन खालून जॅकवर तोलून धरायचं, तेही मध्ये लाकूड घालून, नाहीतर चेंबर चेपतो. पट्टा बसवला, टेन्शनरची खूण जुळवली, की पिना काढून पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, फिरतं त्याच दिशेने. मग पुन्हा पिना घालून बघायच्या. गेल्या तरच चावी फिरवायची. या दोन फेऱ्यांचा कंटाळा करणाऱ्याला मी पाना हातात धरू देत नसे.

आणि नुसता पट्टा नको. टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच. पट्टा नवा आणि बेअरिंग जुनं, तर बेअरिंग जाम होऊन नव्या पट्ट्याला घेऊन बसतं. वॉटर पंप गळला तर कूलंट पट्ट्यावर. क्रँकचं आणि कॅमचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही त्याच वेळी, तेल लागलं की रबर फुगतं. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घालायचा आणि टॉर्क पान्याने आवळायचा, अंदाजाने नाही. बाहेरचा फॅन बेल्टही बदलून टाकायचा. तो फाटला तर त्याच्या चिंध्या पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढल्या जातात आणि चांगला पट्टा उडवतात. सामान पक्क्या बिलाचंच हवं. डुप्लिकेट किट डब्यावरून ओळखू येत नाही, माझ्यासारख्यालाही नाही.

फार बोललो का? मामी मघाशी म्हणाली, "पोराने हौसेने गाडी घेतली आणि तुम्ही त्याला व्हॉल्व्ह वाकवून दाखवताय." तिचं बरोबर आहे. पण तिचं हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवून बराच वेळ बसलो, कारण आमच्या दिवाळ्या मला आठवल्या.

दिवाळीच्या आठवड्यात गॅरेजची लाइट रात्री उशिरापर्यंत जळत असायची. प्रत्येकाला कुठेतरी जायचं असायचं, कोणाला गणपतीपुळे, कोणाला गोवा, आणि प्रत्येकाची गाडी "उद्या सकाळी हवी" असायची. इंडिका आल्यावर तर विचारूच नको, जो तो डिझेल गाडीवाला झाला. मी लोकांच्या गाड्या घाटासाठी तयार करून दिल्या आणि लक्ष्मीपूजनाला ग्रीसचे हात धुऊन पाटावर बसलो. मामीने एका वर्षी सुरुवातीला विचारलं होतं, आपण कधी जायचं? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. पुन्हा तिने विचारलं नाही. न विचारण्याला मी समजूतदारपणा समजत राहिलो. पैसा नव्हता असं नाही, गाडीही गिऱ्हाइकाची सहज मिळाली असती. मला वाटायचं, वेळ कुठे पळून जातोय. आता तिचे गुडघे तासभर गाडीत बसू देत नाहीत.

म्हणून तू मालवणला जातोयस ते मला मनापासून आवडलं, हे आधी लिहायला हवं होतं. ते पत्राच्या टोकाला आलं, माझा स्वभावच तसा. जा. ओवीला समुद्र दाखव. मृणालला सुट्टी मिळत नाही असं आक्का म्हणते, तर मिळालेली वाया घालवू नको. तुझं ऐनवेळी ऑफिसचं काही निघालं तर ऑफिसला सांग मामा आजारी आहे.

फक्त गाडी त्याआधी उघडायची. आणि ती इकडे कोल्हापूरला आणू नको, जुन्या पट्ट्यावर खंबाटकी चढायची नाही. तिकडे पुण्यातच वारज्याला शकील आहे. तुला आठवत असेल, दहावी नापास होऊन माझ्याकडे आला होता, तुला सायकलच्या डबलसीटवर रंकाळ्याला न्यायचा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि या इंजिनाच्या पिना त्याच्याकडे आहेत. त्याच्याशी माझं बोलणं झालंय. गाडी टोइंगवर ने, लाजायचं काही कारण नाही. तोवर ऑफिसला बसने जा. मध्येच कधी चालती गाडी एकदम बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही आणि कोणाला धक्का मारू द्यायचा नाही, जेवढं वाचलं असेल तेवढंही त्याने जातं.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी येतो. माझी नजर आता टेन्शनरची खूण बघायला पुरत नाही, हात शकीलचे चालतील. मी नुसता स्टुलावर बसेन. तुला बघायचं असेल तर ये, पिन तुझ्याच हाताने घालायला सांगतो त्याला. ब्रेकपॅड बदलणाऱ्या माणसाला एवढा मान द्यायला हवा. किटचे पैसे मी दिलेत, त्यावरून वाद नको, गाडी घेतल्याचे पेढे तू मला अजून दिलेले नाहीत.

आम्हाला मालवणला चला म्हणशील, म्हणू नको. तुम्ही तिघंच जा. येताना मात्र कोल्हापुरावरून या आणि एक रात्र राहा. ओवी तांबडा रस्सा खाणार नाही, तिच्यासाठी मामी पांढरा वेगळा करेल.

मृणालला आशीर्वाद. आक्काला सांग, मामा रागावलेला नाही.

तुझा,
मामा

ता. क. ओवीच्या परकराचं माप लगेच कळव. मामीने खण आणून ठेवलाय आणि शिंपी दिवाळीच्या गर्दीत आता नवीन काम घेत नाही म्हणतोय.