नुसत्या हार्डनेसवर जाऊ नका

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. दूध संघ आले, नागापूर एमआयडीसीत मशीन शॉप आले. या सगळ्यांना पंपाचे शाफ्ट, स्लीव्ह, व्हॉल्व्ह लागतात आणि रसाशी किंवा दुधाशी संबंध येतो तिथे ते बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. ३०४ स्टील गंजत नाही, पण ते मऊ, साधारण २०० व्हिकर्सचं. ग्लँडमधली पॅकिंगची दोरी त्यावर घासून चर पाडते. मग कोणीतरी नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं, सुचवतं. सल्ला चुकीचा नाही. पण चलनावर ‘नायट्रायडिंग, १००० व्हिकर्स’ एवढंच लिहून जॉब पाठवणाऱ्यांना मी थांबवेन.

कारण हा आकडा चांगल्या आणि वाईट कामातला फरक दाखवतच नाही. नेहमीचं गॅस नायट्रायडिंग अमोनियात ५०० ते ५७० अंशांवर होतं. या तापमानाला नायट्रोजन स्टीलमधल्या क्रोमियमला धरून बसतो आणि क्रोमियम नायट्राइडचे बारीक कण तयार होतात. थर कडक होतो, हजाराच्या पुढे जातो, झीजही खरोखर कमी होते. पण ३०४ मधलं जे १८ टक्के क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पडदा धरून गंज रोखतं, तेच या कणांत अडकलेलं असतं. हेच काम प्लाझ्मात, ४०० ते ४२० अंशांच्या आसपास केलं तर क्रोमियमला हलायला वाव मिळत नाही. नायट्रोजन स्टीलच्या स्फटिकजाळीत नुसता कोंबला जातो. हार्डनेस तितकाच, कधी जास्तही, आणि गंजरोधकपणा शाबूत. दोन्ही जॉब हजार दाखवतात, दोन्ही रिपोर्ट पास.

फरक कळतो तो हंगाम संपल्यावर. गळीत चालू असताना रस वाहता असतो. एप्रिलनंतर पंप बंद पडतो, ग्लँडमध्ये आंबट ओल साचून राहते आणि जास्त तापमानाला नायट्रायडिंग केलेल्या स्लीव्हवर तांबूस ठिपके उठतात. ठिपक्याखाली खड्डा असतो. पुढच्या हंगामात त्या खड्ड्याच्या कडा पॅकिंग फाडतात, सुटलेले कडक कण दोरीत रुततात आणि कानशीसारखे काम करतात. म्हणजे झीज थांबवायला केलेली प्रक्रियाच झिजेचं कारण होते. त्यापेक्षा साधं पोलाद घेतलं असतं, तर निदान गंजणार हे आधीच माहीत असतं!

यावर कोणी म्हणेल, इंजिनाचे स्टेनलेस व्हॉल्व्ह ५७० अंशांच्या सॉल्ट बाथमधून सर्रास काढतात, ते कुठे बिघडतात? बरोबर आहे. तेलात किंवा कोरड्यात चालणाऱ्या भागाला जास्त तापमान चालतं, थरही जाड मिळतो. माझा आक्षेप ओल्या, आंबट, खारट जागेपुरता आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: कमी तापमानाचा थर पाच-पंधरा मायक्रॉनचाच, तो काय टिकणार? धातू धातूला चिकटून ओरखडत असेल, तर तेवढा थर पुरतो. उसाबरोबर माती-वाळू आत येत असेल, किंवा एका जागी जोराचा दाब पडत असेल, तर नाही पुरत. खालचं मऊ स्टील दबतं आणि वरचा थर तडकतो. तिथे नायट्रायडिंगचा नाद सोडून टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली स्लीव्ह घ्यावी. महाग पडेल, पण तेच खरं उत्तर.

म्हणून ऑर्डर देताना स्टीलचा ग्रेड, प्रक्रियेचं कमाल तापमान आणि थराची जाडी लिहून मागा. नायट्रोजन आत जायला आधी तो ऑक्साइडचा पडदा काढावा लागतो. तो कसा काढणार, हेही विचारा. उत्तर अडखळलं, तर थर ठिकठिकाणी कमी-जास्त येण्याची शक्यता धरा. रॉकवेलवर तपासू नका, दीडशे किलोच्या भाराखाली टोक थर फोडून खालचं स्टील मोजतं. त्याच लॉटमध्ये त्याच स्टीलचा एक तुकडा टाकायला सांगा, तो आडवा कापून, घासून, हलक्या भाराने व्हिकर्स घ्या. मग त्याच तुकड्याचं आम्लाने एचिंग करून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कमी तापमानाचा चांगला थर पांढरा, चकचकीत राहतो. क्रोमियम हरवलेला थर काळवंडतो, आणि तसा दिसला तर जॉब पंपात बसवण्याआधीच परत पाठवा.