स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : काखेतील ग्रंथी आणि कष्टकरी स्त्रीचा हात

माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. दहिवडी-म्हसवडचा परिसर असो, की शेजारचा आटपाडीचा मुलूख असो, येथील बाजरी-ज्वारीची शेती आणि शेळ्या-मेंढ्यांचे पालन फार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या श्रमावर चालते. घरातील पुरुष गलाईच्या व्यवसायासाठी परप्रांती किंवा नोकरीसाठी मुंबईस गेलेला असतो. खुरपणी, काढणी, पाणी भरणे, सरपण आणणे, गुरांची वैरण ही सर्व कामे घरी राहिलेली स्त्री करते. अशा स्त्रीचा उजवा हात निकामी झाला, तर केवळ एक रुग्ण वाढत नाही. एका कुटुंबाचा संसारच अडतो.

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. भारतात २०२२ साली या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला होता. या रोगावर शस्त्रक्रिया करताना स्तनाबरोबरच काखेतील लसीका ग्रंथींचेही काय करावयाचे, हा प्रश्न शल्यचिकित्सकांपुढे गेली सव्वाशे वर्षे आहे. त्याचे उत्तर कसकसे बदलत गेले, आणि त्या बदलाचा लाभ आपल्या खेड्यांतील भगिनींना कशा रीतीने मिळू शकेल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

काखेतील ग्रंथींचे कार्य

रक्तवाहिन्यांप्रमाणेच शरीरात लसीका नावाचा पातळ, फिकट द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. या वाहिन्यांच्या मार्गावर घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात. त्या द्रव गाळून घेतात व रोगजंतूंशी मुकाबला करतात. स्तनातील लसीका बहुतांशी काखेतील ग्रंथींकडे जाते. त्यामुळे स्तनातील कर्करोगाच्या पेशी बाहेर पडल्या, तर त्या प्रथम काखेत आढळण्याचा संभव अधिक असतो. काखेतील किती ग्रंथींत रोग शिरला आहे, यावरून रोगाची मजल समजते व पुढील औषधोपचार ठरतात.

तथापि हाताची लसीकाही याच काखेतून जाते. काखेतील सर्व ग्रंथी काढल्या म्हणजे या द्रवाचा परतीचा मार्ग अडतो, तो हातात साठू लागतो आणि हात सुजतो. काही स्त्रियांच्या बाबतीत ही सूज शस्त्रक्रियेनंतर अनेक महिन्यांनी अथवा वर्षांनीही दिसू लागते. शिवाय खांदा आखडणे, दंडाच्या आतील बाजूस बधिरपणा येणे, असेही त्रास होतात. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार काखेतील ग्रंथी समूळ काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीला हाताची सूज येते. मोजक्याच ग्रंथी काढल्यास हे प्रमाण सुमारे वीसांत एक इतके खाली येते.

समूळ उच्छेदाचा काळ

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तन, त्यामागील छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व ग्रंथी एकत्रच काढून टाकावयाच्या, अशी त्यांची पद्धती होती. कर्करोग पायरी-पायरीने पसरतो. म्हणून जितके अधिक कापावे, तितका रोगी सुरक्षित, अशी त्यामागील धारणा होती. ज्या काळी स्तनाच्या कर्करोगावर दुसरा कोणताच परिणामकारक उपाय नव्हता, त्या काळी ही मोठी प्रगतीच होती. पुढे १९४८ साली लंडनचे डेव्हिड पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू राखून शस्त्रक्रिया करता येते, हे दाखविले. मात्र काखेतील ग्रंथी काढण्याचा परिपाठ चालूच राहिला.

या विचारसरणीस खरा धक्का दिला तो बर्नार्ड फिशर यांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत १९७१ साली एक मोठी चाचणी सुरू झाली. तीत १,६६५ स्त्रियांचा समावेश होता. ज्यांच्या काखेत हातास गाठ लागत नव्हती, त्यांचे तीन गट करण्यात आले : एका गटात समूळ शस्त्रक्रिया, दुसऱ्यात केवळ स्तन काढून काखेस किरणोपचार आणि तिसऱ्यात केवळ स्तन काढून काखेवर नुसती देखरेख. पंचवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तिन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. काखेतील ग्रंथी म्हणजे रोगास अडवून धरणारी तटबंदी नसून, रोग कोठवर पोहोचला याची खबर देणारी चौकी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पहारेकरी ग्रंथीचा शोध

चौकीवरून खबरच मिळवावयाची, तर सर्व ग्रंथी काढण्याचे कारण काय? वेशीवरच्या पहिल्या पहारेकऱ्यास विचारले तरी पुरे. याच तत्त्वावर 'पहारेकरी ग्रंथी'ची तपासणी आधारलेली आहे. गाठीजवळ किंवा स्तनाग्राभोवती निळा रंग वा किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचले जाते. ते लसीकेबरोबर वाहत काखेतील पहिल्या एक-दोन ग्रंथींत जाऊन थांबते. शल्यचिकित्सक तेवढ्याच ग्रंथी काढून तपासणीस पाठवितो. त्या निर्दोष आढळल्या, तर उरलेली काख न उघडता तशीच राखली जाते. स्तनाच्या कर्करोगासाठी या पद्धतीचे पहिले प्रयोग १९९३ व १९९४ साली अमेरिकेत डेव्हिड क्रॅग आणि आर्मांडो जुलियानो यांनी प्रसिद्ध केले. मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या २००३ सालच्या चाचणीने आणि ५,६११ स्त्रियांचा समावेश असलेल्या अमेरिकेतील चाचणीच्या २०१० सालच्या निष्कर्षांनी या पद्धतीच्या सुरक्षिततेची ग्वाही दिली.

पुढील पाऊल अधिक धाडसाचे होते. एक-दोन पहारेकरी ग्रंथींत रोग आढळूनही, स्तन राखून किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांची उर्वरित काख तशीच ठेवली तर? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०१७ साली दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या चाचणीत, काख राखलेल्या गटातील ८६.३ टक्के, तर समूळ शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ८३.६ टक्के स्त्रिया हयात होत्या. म्हणजे काख राखल्याने काहीही तोटा झाला नाही. २०१४ साली युरोपातील एका चाचणीने, अशा स्त्रियांना शस्त्रक्रियेऐवजी काखेस किरणोपचार दिल्यास रोगावर तितकेच नियंत्रण राहते आणि हाताची सूज मात्र सुमारे निम्म्याने कमी होते, असे दाखविले. २०२३ साली इटलीच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत तर दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत निर्दोष दिसणारी काख असलेल्या स्त्रियांच्या काखेस हातच लावला नाही. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष दोन्ही गटांत सारखेच आले.

मुंबईतील कार्य

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली स्थापन झाले. पहारेकरी ग्रंथीच्या तपासणीस लागणारे किरणोत्सारी द्रव्य व यंत्र लहान शहरांतील रुग्णालयांना सहज उपलब्ध होत नाही, हे ओळखून तेथील डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. काखेतील एका ठराविक मज्जातंतूच्या खालचा चरबीचा भाग त्यातील ग्रंथींसह काढून तपासावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात ही पद्धत पहारेकरी ग्रंथीच्या तपासणीच्या तोडीची ठरली. महागड्या साधनांवाचूनही काख राखता येते, हा या अभ्यासाचा आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा बोध आहे.

लाभ कोणास मिळणार?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वर वर्णन केलेल्या बहुतेक सवलती लवकर आलेल्या रुग्णांसाठी आहेत. गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही, अशा अवस्थेत स्त्री डॉक्टरकडे गेली, तर तिची काख वाचण्याचा संभव अधिक असतो. गाठ वाढून काखेतील ग्रंथीही घट्ट झाल्यावर ती गेली, तर बहुधा आधी औषधोपचार आणि नंतर काखेची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा ती टाळणे धोक्याचे ठरू शकते. म्हणजेच शस्त्रक्रिया किती मोठी होणार, हे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच स्त्री किती लवकर आली यावर ठरते. लाजेपायी, खर्चाच्या भीतीने अथवा 'दुखत नाही, मग कशाला' म्हणून घालविलेले सहा महिने पुढे हाताच्या रूपाने मोजावे लागतात.

मुंबईतील वस्त्यांमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात १,५१,५३८ स्त्रिया सहभागी होत्या. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केल्यास रोग अलीकडच्या अवस्थेत सापडतो, हे त्यातून २०२१ साली सिद्ध झाले. पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यूही जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ग्रामीण भागाचा अनुभवही आशादायक आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे गावोगावी माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. जे एका रोगाबाबत घडले, ते दुसऱ्याबाबतही घडू शकेल.

गावपातळीवरील कर्तव्ये

तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तन, तोंड व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. आशा स्वयंसेविका व आरोग्य उपकेंद्र यांच्यामार्फत ती होते. पंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत तपासणीचा दिवस जाहीर करावा, शिक्षकांनी माता-पालक सभेत लक्षणे सांगावीत. न दुखणारी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, काखेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ती तपासल्यावाचून कळत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे; तिच्यात कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने व नातेवाइकांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे : सर्व ग्रंथी काढणे आवश्यक आहे काय? पहारेकरी ग्रंथीची तपासणी माझ्या बाबतीत शक्य आहे काय? शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हाताचे व्यायाम लवकर सुरू करावेत. त्या हातास काटा, विळा, चुलीचा चटका लागू नये म्हणून जपावे, जखम स्वच्छ धुवावी, घट्ट बांगड्या घालू नयेत. हात लाल होऊन ताप आला, तर त्वरित दवाखाना गाठावा. जड काम आयुष्यभर बंद करण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. आता मात्र हळूहळू वाढविलेला व्यायाम सुरक्षित असल्याचे आढळून आले आहे. तोवर पाण्याचा हंडा घरातील दुसऱ्या कोणी उचलावा, ही समज कुटुंबाने दाखवावयास हवी.

सव्वाशे वर्षांत शस्त्रक्रियेने अधिकाकडून कमीकडे, परंतु अधिक विचारपूर्वक असा प्रवास केला आहे. त्या प्रवासाचे फळ परळच्या रुग्णालयात तयार आहे. ते माणच्या शिवारापर्यंत पोहोचविणे हे मात्र ग्रामसभेचे, शाळेचे आणि तुम्हा-आम्हा सर्वांचे काम आहे. वेळीच दाखविलेली एक लहानशी गाठ एका स्त्रीचा जीव वाचवील, आणि तिचा कष्टाचा हातही.