शेताची माहिती : कोणती द्यावी, कोणती राखावी

खरिपाची पीक पाहणी सुरू झाली की वीर व महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर एक प्रश्न हटकून निघतो : "आमची एवढी माहिती सरकारास कशाला?" ग्रामसेवक बंधूंनी तो हसण्यावारी नेऊ नये. खोताच्या दप्तरात नाव चढण्याचा अर्थ ह्या भागातील मागील पिढ्यांनी भोगलेला आहे. खोती नष्ट करणारा कायदा 1949 साली झाला. दप्तराविषयीची शंका मात्र मागे राहिली.

माहिती दोन प्रकारची असते, हे प्रथम समजावून द्यावे. पीक कापणी प्रयोगात निवड होऊन आलेल्या शेतातील ठराविक तुकड्याचे भात कापून, झोडून त्याचे वजन करतात. ही नमुना पद्धत आपल्या देशात रुजविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. येथे वजन अचूक हवे. शेत कोणाचे, हे गौण होय. पीक विम्याचा हिशेब सरासरी उत्पन्नावर चालतो, म्हणून एकाने लपविलेले वजन साऱ्या मंडळास बाधते.

दुसरी माहिती नावानिशी घ्यावी लागते. 2021 पासूनची ई-पीक पाहणी आणि एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी आवश्यक ठरलेला शेतकरी ओळख क्रमांक ह्या प्रकारात मोडतात. जुलै 2021 सारखा महापूर आला, तर शेतात काय उभे होते ह्याची नोंद पंचनाम्यास आधार देते. ती टाळणे हिताचे नाही.

परंतु धोकाही येथेच आहे. सातबारा कोणासही पाहता येतो. त्याची गुप्तता राखण्याचा खटाटोप व्यर्थ होय. आधार क्रमांक, बँकखाते व मोबाईल क्रमांक यांची गोष्ट निराळी. कित्येक खातेदार मुंबईस नोकरीला असतात आणि गावातील कोणी मागितला की फोनवरून ओटीपी सांगून मोकळे होतात. तो सांगू नये. गणपतीस वा शिमग्यास गावी आल्यावर स्वतः समोर बसून नोंद करावी. मुदत आधीच संपत असल्यास एक खेप मुद्दाम करावी.

कार्यकर्त्यांनीही आधारच्या प्रती पिशवीत साठवू नयेत. लाभार्थ्यांची यादी चावडीवर लावताना मोबाईल क्रमांक वगळावेत. जमिनीच्या दलालास किंवा खत विक्रेत्यास यादी देणे हा विश्वासघात समजावा, मग तो ओळखीचा का असेना. आणि पाहणीचे छायाचित्र घेताना पीक दिसले म्हणजे पुरे. लावणीस वाकलेल्या बायका त्यात येऊ देऊ नयेत.